भिंतीच्या आतली माती

(पहाट. वेलींच्या रांगा. दुरून धूर.)

फेब्रुवारी महिना. धुकं अजून विरलेलं नाही. पत्र्याचं पिंप उभं कापून त्याला चाक जोडलंय, आत निखारे. छाटणीवाली बाई काडी कापते, वाकते, काडी आगीत टाकते. चार पावलं गेली की गाडा पुढे ढकलते. बोटं आखडली तर शेकायलाही हीच आग.

हा फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातला कोत दोर. दीजों शहरापासून दक्षिणेकडे गेलेला, साधारण ५० किलोमीटर लांबीचा, पूर्वेला तोंड करून बसलेला उतार. रुंदी कुठे कुठे जेमतेम काहीशे मीटर. जगातल्या सर्वात महाग वाइनपैकी कित्येक या एवढ्याशा पट्ट्यातून येतात.

(भिंत. कॅमेरा दगडांवरून हळूहळू सरकतो.)

ही भिंत नीट पाहा. आपली गोष्ट हिचीच आहे. आतली जमीन सुमारे ५० हेक्टर, नाव क्लो द वूजो. ‘क्लो’ म्हणजे कुंपण घातलेला मळा. हे कुंपण घातलं सीतोच्या मठातल्या साधूंनी. मठाची स्थापना १०९८ची. जमिनीचे तुकडे दान मिळत गेले, काही विकत घेतले, आणि चौदाव्या शतकात भिंत पुरी झाली. आतल्या वाड्यात द्राक्षं पिळायची त्यांची लाकडी दाबयंत्रं अजून उभी आहेत. एकेका तुळईकडे मान वर करूनच पाहावं लागतं.

साधूंकडे घाई नव्हती, हे त्यांचं खरं भांडवल. एक साधू गेला तरी मठ राहायचा. कुठल्या कोपऱ्यात बर्फ आधी वितळतं, कुठे पाणी साचतं, कुठली द्राक्षं आठवडाभर आधी पिकतात, हे पिढ्यान्‌पिढ्या बघत गेल्यावर उताराचे बारीक बारीक तुकडे पडले. त्या तुकड्यांना इथे ‘क्लिमा’ म्हणतात. शब्द हवामानाचा, अर्थ मात्र शेताचा. अशा १,२४७ क्लिमांना २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

(हातात माती. वरच्या टोकाची.)

मळ्याच्या वरच्या टोकाची ही माती. तपकिरी, खड्यांनी भरलेली. हातभर खणलं की चुनखडीचा खडक. जुरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता. शंखशिंपल्यांचा चुरा तळाशी बसला, त्याचा हा दगड. पाऊस पडला की पाणी फटींतून खाली जातं. वेलीचे पाय कोरडे राहतात.

(हातात माती. खालच्या टोकाची.)

आणि ही खालची, रस्त्यालगतची. काळपट, चिकट, खोल. मुठीत दाबली की लाडू वळतो. वरच्या टोकापासून इथवर उतार इतका हलका की सायकलवाल्याला दम लागू नये. पण जमीन दुसरीच.

साधू पोपसाठी वरची, धर्मगुरूंसाठी मधली आणि स्वतःसाठी खालची वाइन ठेवत, अशी आख्यायिका आहे. पुरावा कोणी मागू नये. माती मात्र आख्यायिकेच्या बाजूने बोलते.

(वेलीचा बुंधा, कलमाची गाठ.)

तांबड्या वाइनसाठी इथे द्राक्ष एकच, पिनो न्वार. घड लहान, पाइनच्या बोंडासारखा गच्च, साल पातळ. गच्च घडात ओल अडकली की कूज. फुटवे लवकर फुटतात, म्हणून एप्रिलच्या हिमात सापडतात. गामे हे द्राक्ष त्यामानाने आज्ञाधारक आणि भरघोस. शेतकऱ्यांनी ते लावायला सुरुवात केली, तर १३९५ मध्ये बर्गंडीचा राज्यकर्ता ड्यूक फिलिप याने फर्मान काढून ते उपटायला लावलं. पांढऱ्यासाठी शार्डोने; त्याची गावं थोडी दक्षिणेला.

बुंध्यावरची ही गाठ नाशिक-सांगलीचा बागायतदार लगेच ओळखेल. तिकडे खारी जमीन आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम बांधतात, म्हणजे मुळं एका वेलीची, वरचा भाग दुसरीचा. इथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने मुळं खाल्ली म्हणून अमेरिकन खुंट आले. चुनखडीत यातले बरेच खुंट पिवळे पडले. चुना सोसणारे शोधावे लागले.

(बाटल्यांवरची लेबलं, एकामागून एक.)

आता प्रतवारी. बोर्दो या फ्रान्सच्या दुसऱ्या वाइनप्रांतात १८५५ साली प्रत ठरली ती वाड्यांची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या इस्टेटींची. बर्गंडीत प्रत जमिनीला. लेबलवर नुसतं ‘बूर्गोन्य’, म्हणजे बर्गंडीचं फ्रेंच नाव, असेल तर प्रांतातली साधी वाइन. गावाचं नाव असेल तर एक पायरी वर. गावाच्या जोडीला ‘प्रमिए क्रू’, म्हणजे नावाजलेलं शेत. आणि सर्वात वर ‘ग्रां क्रू’: तिथे गावाचं नावही लागत नाही, शेताचं पुरतं. अशी शेतं ३३. प्रांताच्या उत्पादनात त्यांचा वाटा साधारण एक टक्का. गावंही हुशार. ज्वेरीने १८४७ मध्ये आपल्या सर्वात नामांकित शेताचं नाव स्वतःला जोडलं आणि ज्वेरी-शांबर्तां झालं.

ग्रां क्रू शेतं सहसा उताराच्या मध्यावर. माती ना फार खोल, ना फार उथळ. रस्त्याजवळच्या सपाटीला हा दर्जा मिळत नाही.

क्लो द वूजोचा अपवाद. १९३०च्या दशकात कायद्याने हद्दी आखल्या तेव्हा इथे मातीऐवजी भिंत मोजली गेली. भिंतीच्या आतलं सगळं ग्रां क्रू. खडी, चिकणमाती, पाणथळ कोपरा, सगळं. आमच्या मते साधूंच्या अभ्यासाची ही थट्टाच झाली.

(वरून दृश्य. रांगा, रांगांमधल्या खुणा.)

१८८९ पर्यंत मळा अखंड होता. मग विकला गेला, आणि पुढे वाटण्या होत गेल्या. आज जवळपास ८० मालक. कोणाच्या वाट्याला मोजक्या रांगा. भाऊबंदकीचा सातबारा फ्रेंचमध्येही असाच दिसतो. लेबल सगळ्यांचं एकच, म्हणून गिऱ्हाइकाने मालकाचं नाव वाचावं आणि रांग कुठली ते विचारावं.

जमिनीचे भाव इतके चढलेत की वारसाकर भरण्यासाठी काही घराण्यांना शेतच विकावं लागतं.

(खालचा कोपरा. चिखल. तोच गाडा.)

छाटणी इथवर आली आहे. बुटांना माती चिकटते, बाई काडीनेच ती खरवडते. गाडा भिंतीला टेकवलाय. भिंतीपलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पुन्हा वेली. साध्या बूर्गोन्यच्या.