गुडघा नवा, हाड मात्र तेच

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेल्या आजी-आजोबांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. आज बोलायचंय ते बदललेल्या गुडघ्याला लागूनच होणाऱ्या फ्रॅक्चरबद्दल.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली होती. देवदर्शन, भाजी आणणं, सगळं छान चालू होतं. एका पहाटे बाथरूमला उठल्या, पायाखालचं पायपुसणं सरकलं आणि त्या गुडघ्यावर पडल्या. मुलाचा फोन आला, "सांधा तुटला का हो?" सांध्याला काहीच झालं नव्हतं. मोडलं होतं त्याच्या जरा वरचं मांडीचं हाड.

हे मॉडेल बघा. मांडीच्या हाडाच्या टोकावर ही धातूची टोपी बसवतात. धातू कडक आणि वरचं हाड वयानं विरळ झालेलं. जुन्या भिंतीत नवी लोखंडी चौकट बसवली की तडा चौकटीला जात नाही, कडेच्या भिंतीला जातो. तसंच हे. म्हणून उभ्या उभ्या साधं पडलं, तरी नेमकं इथे मोडतं. हाडं ठिसूळ असतील, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉईड चालू असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं असेल, तर धोका आणखी वाढतो.

एक्स-रेमध्ये डॉक्टर आधी बघतात, सांधा हाडाला घट्ट आहे की हलतोय. घट्ट असेल तर बहुतेक वेळा प्लेट किंवा रॉड टाकून हाड जोडतात. हलत असेल तर सांधाच पुन्हा बदलावा लागतो, आणि हाडाचा चुराच झाला असेल तर तेवढा भागही धातूचा बसवतात.

आता पुढचं, ज्याबद्दल घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघा आखडतो. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला तो ९० अंशांच्या थोडा पुढे वाकायला हवा. या आजींचा ७० वर अडला होता. काहींचा पाय किंचित आखूड होतो, काहींचं हाड वाकडं जुळतं. आधी मोकळं चालणाऱ्या कित्येकांच्या हातात काठी किंवा वॉकर कायमचा येतो. त्यात भीती! एक्स-रे चांगला आला तरी आजी पलंगाची कड सोडेनात. "पुन्हा पडले तर?" एवढंच म्हणायच्या. त्यांना उंबरा ओलांडायला लावण्यात माझे पंधरा दिवस गेले, आणि ते मला अजिबात वाया गेले असं वाटत नाही. अशा माणसाला "आता बरं झालंय, चाला की" म्हणून घाई करू नका, कृपा करून.

पडल्यावर गुडघ्याच्या वर सूज आली, पाय टेकवेना, तर उभं करायचं नाही, चोळायचं नाही, ओढून तर मुळीच बघायचं नाही. पाय आहे तसा उशांच्या आधारानं स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा.

आणि आजच एक काम करा. पहिल्या ऑपरेशनची फाईल काढा. त्यात सांध्याची कंपनी, मॉडेल आणि साईज लिहिलेले स्टिकर चिकटवलेले असतात. काही सांध्यांतून रॉड आत जातो, काहींतून जात नाही, आणि सर्जनला ते त्या स्टिकरवरून कळतं. आजींची फाईल गावच्या घरी, ट्रंकेत होती. ती हातात यायला दोन दिवस लागले. तुमच्या स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.