दाराजवळची खुर्ची

बसा बसा, मागे उभे आहात त्यांनी पण बसून घ्या, आणि ज्यांनी मुद्दाम दाराजवळची खुर्ची पकडलीय त्यांनी तिथेच बसा, पुढे यायची काही गरज नाही. मी पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी कायम दाराजवळच बसायचे. छातीत धडधड सुरू झाली की कोणाला न कळता निसटता यावं, एवढंच कारण.

पहिल्याच टर्ममध्ये आमचं एक ट्युटोरियल असायचं, दहा-बाराच जणं, आणि सर ओळीने एकेकाला प्रश्न विचारायचे. एक दिवस प्रश्न माझ्याकडे सरकत येत होता, तीन जणं राहिली, दोन राहिली, पोटात गोळा, घशाला कोरड, हात गार, आणि मी वही उचलून सरळ बाहेर. बाहेर कॉरिडॉरमध्ये जे हायसं वाटलं ना, ते मला अजून आठवतंय. मला आज बोलायचंय ते त्या हायसं वाटण्याबद्दलच, कारण भीतीपेक्षा त्यानेच माझं जास्त नुकसान केलं. पुढच्या आठवड्यात मी त्या ट्युटोरियलला गेलेच नाही, मग त्याच सरांचं लेक्चर टाळलं, मग त्या मजल्यावरची सगळीच लेक्चर्स, आणि दीड महिन्यात अशी वेळ आली की नुसता तो जिना बघितला तरी धडधडायचं. जिन्याने माझं काय बिघडवलं होतं सांगा!

होतं काय, की धोका दिसला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, हृदय जोरात पळतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, पचन मंदावतं. वॉल्टर कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाने 1915 सालीच हे लिहून ठेवलंय, लढा नाहीतर पळा. म्हणजे तुमच्यात बिघाड नाहीये, यंत्रणा ठणठणीत आहे, फक्त ती वाघासाठीची यंत्रणा हजेरीच्या वेळी सुरू होतेय. आणि ही लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपली आपण उतरायला लागते. पण आपण काय करतो, ती चढत असतानाच उठून जातो. मग मेंदू नोंद करतो की बाहेर पडलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी अलार्म अजून लवकर वाजवतो. लाट उतरते हे त्याला कधी बघायलाच मिळत नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी ऐकवलंय की ते ऐकलं तरी राग यायचा. ऐकवू नका हो कोणाला असं, घाबरलेल्या माणसाला त्याने काडीची मदत होत नाही. पण पळणाऱ्याच्या मागचा राक्षस मोठा होत जातो, हा त्यातला भाग मात्र खरा निघाला.

मग काय करायचं, तर एकदम पहिल्या बाकावर जाऊन बसायचं नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी ससा त्याच्या अंगावर नाही सोडला. तो मुलगा आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा आधी लांब ठेवला, मग थोडा थोडा जवळ आणत गेल्या, आणि शेवटी तो मुलगा सशाला हात लावायला लागला. तुमचा ससा कोणता ते तुम्हीच ठरवा. माझा जिना होता, म्हणून आधी वर्ग नसतानाच्या वेळी नुसती वर जाऊन आले, मग लेक्चरला दाराजवळ शेवटपर्यंत बसले, मग सरांना मेल केला की मला सगळ्यांसमोर बोलताना खूप त्रास होतो, पहिले काही आठवडे मला अचानक विचारू नका प्लीज. त्यांनी दोन ओळींत हो म्हटलं. तो मेल लिहायला मला चार दिवस लागले होते.

मैत्रीचं पण सांगते, कारण रडू सगळ्यात जास्त त्याचंच येतं. 2018 साली एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन अनोळखी माणसं बोलली की आपण समोरच्याला जेवढे आवडलो असं प्रत्येकाला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो, आणि पहिल्या वर्षाला एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. म्हणजे तुम्ही रात्री पडल्या पडल्या मी काय बोलले, किती वेडेपणा केला असं उगाळत असता ना, तर पलीकडच्या बेडवरची मुलगी पण बहुतेक तेच उगाळतेय. आणि जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाच्या अभ्यासात साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायलाच साधारण 50 तास लागतात असं आलं, घट्ट मैत्रीला 200 च्या वर. मग दुसऱ्या आठवड्यात आपलं कोणी नाही म्हणून स्वतःला का कोसायचं, तास भरलेच नाहीत अजून!

एक मात्र, सगळंच सोसत बसा असं मी म्हणत नाहीये. कोर्स खरंच चुकला असेल तर बदला, ते पळणं नव्हे, फक्त निर्णय धडधड चालू असताना घेऊ नका, शांत असताना दोन-तीनदा तोच निघाला तर घ्या. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, तर कौन्सेलरकडे जा, एकटं जाववत नसेल तर कोणाला तरी दारापर्यंत सोबत न्या. जगणंच नको असं मनात येत असेल तर मात्र थांबू नका, आजच्या आज कोणाला तरी सांगा, मला सांगा, मी इथेच आहे.

आता प्रश्न. माईक मी फिरवणार नाहीये, मला माहितीये तो जवळ यायला लागला की काय होतं. प्रत्येक खुर्चीवर एक कोरा कागद ठेवलाय, नाव घालू नका, प्रश्न लिहा आणि दाराजवळच्या खोक्यात टाका. पाच मिनिटं घ्या, मी तोवर पाणी पिते.