शेवटच्या अंकात भेटलेली पेगी ॲशक्रॉफ्ट

मंडळी, इंग्लिश अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट हिचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते १९८४ नंतर. तेव्हा बाईंची पंचाहत्तरी उलटून गेली होती. म्हणजे आपली गाठ पडली ती थेट शेवटच्या अंकात. आज मला आधीच्या अंकांबद्दल बोलायचंय.

जन्म १९०७चा, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये. १९३० साली सॅव्हॉय थिएटरात 'ऑथेल्लो' लागलं. ऑथेल्लोच्या भूमिकेत अमेरिकेचे कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रॉबसन आणि त्याची बायको डेस्डिमोना झाली बावीस वर्षांची पेगी. रंगमंचावर गोऱ्या मुलीनं काळ्या माणसाच्या मिठीत जायचं, हे अनेकांना सोसवलं नाही. तिच्या नावावर विखारी पत्रं येऊ लागली. वर्णद्वेष म्हणजे काय हे तिला त्या नाटकानं शिकवलं. पुढं आयुष्यभर ती अन्यायाविरुद्ध उघडपणे बोलत राहिली.

१९३५मध्ये 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये जॉन गीलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे दोन नट रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्युशिओ या भूमिका आलटूनपालटून करत होते. ज्युलिएट मात्र एकच, पेगी.

पण मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम १९६३चं, शेक्सपिअरच्या गावचं, स्ट्रॅटफर्डमधलं. दिग्दर्शक पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं जोडून 'द वॉर्स ऑफ द रोझेस' उभं केलं. त्यात ती राणी मार्गारेट. प्रवेश करते तेव्हा फ्रान्सची कोवळी राजकन्या, शेवटी सगळं गमावलेली, शाप देत फिरणारी म्हातारी. तेव्हा तिचं स्वतःचं वय पंचावन्न! कैदेतल्या शत्रूच्या, ड्यूक ऑफ यॉर्कच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवून ती त्याच्याच पोराच्या रक्तात भिजलेला रुमाल डोळे पुसायला पुढं करते. बीबीसीनं ते चित्रित केलं म्हणून आज पाहता येतं. नाहीतर नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपलाच.

मग आला १९८४. 'द ज्युवेल इन द क्राउन' या मालिकेत ती बार्बी बॅचलर झाली: निवृत्त मिशनरी शिक्षिका, अखंड बडबडणारी, कुणालाच नको असलेली. आपली ट्रंक कुठं ठेवायची, एवढीच तिची विवंचना. शेवटी तिचं बोलणंच थांबतं, आणि ते पाहताना माझ्या घशात आवंढा येतो.

त्याच वर्षी दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या चित्रपटात ती मिसेस मूर झाली, भारतात आलेली एक वयस्क इंग्रज बाई. त्यातले गुहांचे प्रसंग बंगळूरजवळच्या सावनदुर्गच्या खडकांत चित्रित झाले. या भूमिकेसाठी सत्त्याहत्तराव्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं.

याच चित्रपटात रात्रीच्या वेळी मशिदीत डॉ. अझीझ हा भारतीय मुस्लिम डॉक्टर अंधारातल्या मिसेस मूरवर खेकसतो, जोडे काढायला हवे होते म्हणून. ती शांतपणे सांगते, काढलेत. आवाजात ना राग, ना उपकार केल्याचा भाव. आता दिवे घालवू या. तोच प्रवेश तुम्हाला दाखवतो.