लिंकवर टॅप केल्यापासून पहिली ओळ दिसेपर्यंत

साइट गूगलमध्ये वर यावी म्हणून आपण कीवर्डवर बोलतो, बॅकलिंकवर (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकवर) बोलतो, कंटेंटवर तर तासन् तास बोलतो, पण वाचकाने लिंकवर टॅप केलं आणि त्याला पहिली ओळ वाचता आली, या मधल्या वेळात काय होतं यावर फार कोणी बोलत नाही, म्हणून आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

समजा गणपतीचे दिवस आहेत, एका बाईंनी गूगलवर ‘उकडीचे मोदक’ टाकलं, फोन साधा अँड्रॉइड, हाताला पीठ. तुमची लिंक उघडली. आधी नुसता पांढरा स्क्रीन. मग लोगो, मग फोटो हळूहळू वरून खाली उतरतोय, मग साहित्य दिसलं, त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि तेवढ्यात वर जाहिरात येऊन बसली आणि सगळं खाली सरकलं, बोट टेकवायचं होतं ‘कृती’वर, पडलं जाहिरातीवर. वर परत नोटिफिकेशन हवंय का म्हणून बॉक्स. बॅक दाबलं, दुसरी साइट उघडली. तुमची रेसिपी जास्त चांगली असेलही, पण ती वाचलीच गेली नाही ना!

आता यातलं जवळजवळ सगळं मोजता येतं. मुख्य फोटो किंवा मोठा मजकूर दिसायला लागणारा वेळ म्हणजे एलसीपी, तो 2.5 सेकंदांच्या आत हवा. टॅपला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ आयएनपी, 200 मिलिसेकंदांच्या आत, हा मार्च 2024 मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आला. आणि मजकूर किती उड्या मारतो त्याचा आकडा सीएलएस, 0.1 च्या आत. या तिघांना मिळून गूगल कोअर वेब व्हायटल्स म्हणतं. हे चारातल्या निदान तीन भेटींमध्ये जमलं पाहिजे, आणि तेही क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या फोनवर, तुमच्या ऑफिसच्या वायफायवरच्या लॅपटॉपवर नाही.

मग हे आकडे हिरवे, म्हणजे चांगले झाले की गूगलमधलं रँकिंग वर जाईल का? सगळे हेच विचारतात. गूगलने स्पीड 2010 मध्ये रँकिंगमध्ये धरायला सुरुवात केली, मोबाइल सर्चसाठी जुलै 2018 पासून, कोअर वेब व्हायटल्स जून 2021 पासून. पण हा घटक लहान आहे, उत्तर चांगलं असेल तर हळू पेजसुद्धा वर राहतं, तेव्हा कोणी नुसत्या स्कोअरवर पहिल्या नंबरची गॅरंटी देत असेल तर पैसे देऊ नका. माझ्या मते खरं नुकसान क्लिक मिळाल्यानंतर होतं, आलेला माणूस थांबत नाही. आणि लोक रिझल्टमध्ये कशावर क्लिक करतात, कुठे टिकतात हा डेटा गूगल वापरतं, हे 2023 मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात गूगलच्याच माणसाच्या साक्षीतून आलंय, म्हणजे परत फिरलेल्या वाचकाचा प्रश्न शेवटी सर्चपर्यंत जातोच.

पिंटरेस्टने 2017 मध्ये सांगितलं होतं की पेजसाठी थांबावं लागणारा वेळ 40 टक्क्यांनी कमी केला तेव्हा सर्चचं ट्रॅफिक 15 टक्के वाढलं. आणि गूगल प्लस, गूगलचं आता बंद झालेलं सोशल नेटवर्क, आठवतंय? त्यांच्या मोबाइल साइटवर आधी ‘ॲप घ्या’ असं पूर्ण पान यायचं, 69 टक्के भेटी तिथेच संपायच्या, ते पान काढून बघितलं तर मोबाइल साइट रोज वापरणारे 17 टक्के वाढले. म्हणजे काही नवीन न करता, नुसती अडचण काढून! आपल्याकडे अजून किती साइट दारातच ॲप, नोटिफिकेशन, न्यूजलेटर असं सगळं मागतात, मला खरंच वाईट वाटतं.

मराठी साइटवाल्यांसाठी एक खास गोष्ट, फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या फाइलपेक्षा बरीच जड असते, आणि आपण हौसेने एकाच फॉन्टच्या बारीक-जाड अशा चार-चार फाइली लोड करतो. रेग्युलर आणि बोल्ड, बास. साइटच्या सीएसएसमध्ये (दिसण्याच्या कोडमध्ये) फॉन्ट-डिस्प्ले ही सेटिंग स्वॅप ठेवा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात मजकूर वाचता येतो, पण मग फॉन्ट बदलताना ओळी हलतात, कारण मात्रा-वेलांट्यांची उंची वेगळी पडते, म्हणून तोपर्यंत दिसणाऱ्या पर्यायी फॉन्टचा आकार मूळ फॉन्टशी जुळवून घ्या. जाहिरातीची जागा आधीच मोकळी सोडा, आणि वरच्या मुख्य फोटोला लेझी लोड (वाचक तिथे पोचेपर्यंत फोटो न आणणं) कधीच लावू नका, प्लगइन बरेचदा सगळ्याच फोटोंना लावून टाकतं ते तपासा.

हे केल्यावर दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल (साइटवाल्यांना आपल्या साइटचे आकडे दाखवणारं गूगलचं साधन) बघून नाराज होऊ नका, तिथले हे आकडे मागच्या 28 दिवसांचे असतात, तोपर्यंत एखादा स्वस्तातला फोन घ्या, वायफाय बंद करा आणि आपलंच पेज गूगलमधून उघडून बघा.