पाकळी सुकेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

देवाच्या म्हणा, सत्याच्या म्हणा, शोधाला निघताना उत्तर आधीच खिशात घालून निघू नये, एवढंच आज सांगायचं आहे. लक्षात ठेवा, उत्तर आधीच खिशात घालून निघू नये.

आपल्या गोव्यातल्या साखवाळचे, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी बघा. जन्म १८७६ चा. शाळा फारशी नाही, घरची माडांची बागायत बघायची. या हिंदू घरातल्या मुलाला बुद्ध भेटला कुठे, तर 'बालबोधमेवा'त, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मुलांच्या मासिकात! १८९९ साली घर सोडलं. काशीला संस्कृत शिकले, बौद्ध धर्म बघायला नेपाळात गेले, तिथे निराशाच पदरी आली. दुसरा कोणी परत माडाखाली येऊन बसला असता. हे गेले सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला, १९०२ साली तिथे दीक्षा घेतली, पाली शिकले. आणि बुद्ध सापडला म्हणून दार लावून घेतलं नाही हो. उतारवयात जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्मावर लिहिलं, १९४७ साली सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला.

माझं तसं नव्हतं. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला सगळं कळत होतं.

आमचे थोरले काका आणि धाकटे काका सहा वर्षं बोलत नव्हते. कारण काय, तर कुळागरातला, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतला, पाण्याचा पाट. खालचा तुकडा विकायचा की नाही, यावर शेवटी देवाला प्रसाद लावायचं ठरलं, म्हणजे ओल्या पाकळ्या देवाला चिकटवायच्या आणि कोणती आधी पडते त्यावरून कौल घ्यायचा. उजवी पाकळी, डावी पाकळी, ते तुम्हाला मी काय सांगू! मी मुद्दाम सोबत गेलो, हातात घड्याळ. म्हटलं, आज यांना विज्ञान दाखवतो.

श्रावणातली झड. भटजींनी पाकळ्या भिजवून पाषाणाला लावल्या. मंडपात एका खांबाशी थोरले, दुसऱ्या खांबाशी धाकटे. खाली जुनी चिऱ्याची जमीन, बसलं की गार वाटायचं. आता सगळीकडे ग्रॅनाइट घालतात. म्हातारी माणसं घसरतात, देणगीदाराचं नाव मात्र हातभर अक्षरात. असो.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. पाकळी ढिम्म. मी थोरल्या काकांच्या कानाशी लागलो, "काका, यात देव नाही. हवा दमट आहे, पाणी सुकत नाही, म्हणून पाकळी चिकटून राहिली आहे."

काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तें म्हाकाय खबर आसा रे. देखूनच श्रावणांत आयलों. मे म्हयन्यांत ती धा मिनटांनी पडटा."

मी गप्प. म्हणजे पाणी कसं सुकतं हे काकांना माझ्याआधी ठाऊक होतं, म्हणूनच ते श्रावणात आले होते, आणि तरीही ते हात जोडून बसले होते. आता याला श्रद्धा म्हणायची की हुशारी? माझ्या खिशात दोनच उत्तरं होती, भोळा किंवा ढोंगी. काका दोन्हींत बसेनात.

सव्वा तास झाला. बाहेर पावसाने जोर धरला, तसे धाकटे काका, कोणाला उद्देशून ते देव जाणे, म्हणाले, "वरच्या अंगाला पाट तुंबला असणार." सहा वर्षांतलं पहिलं वाक्य! थोरले म्हणाले, "माडाची झावळ पडली असेल." मग कुठली झावळ, कुठला माड, वडिलांच्या वेळी तिथे बांध कसा घातला होता... दोघे सरकत सरकत एकाच खांबाशी आले.

तेवढ्यात भटजींनी हाक मारली, "पडली!"

कोणती पडली, कोणीच पाहिलं नव्हतं. भटजी नेमके समईत तेल घालत होते, त्यांना ती खालीच दिसली. काका दोघे बोलत होते. आणि मी, तपासायला आलेला, घड्याळ बघत होतो.

भटजींनी विचारलं, आता काय करायचं?

थोरले काका म्हणाले, "परतून लायात. बरी भिजोवन लायात."