तुळईमागचं बिऱ्हाड

(वाड्याचा चौक. सकाळचं तिरपं ऊन. चिमण्यांचा आवाज.)

वडोदरा, दांडिया बाजार. गायकवाडांच्या चाकरीसाठी आलेली कितीतरी मराठी घरं या भागात राहिली. या वाड्यात तुळई भिंतीत शिरते तिथे मूठभर भोक आहे. ते या चिमण्याचं. गळ्याखाली काळा डाग असलेला, तोच. उजाडल्यापासून भोकाच्या तोंडाशी बसून चिव, चिव, चिव चालू आहे. चिमणी येते, आत डोकावते, बाहेर येते, पुन्हा आत शिरते. जागा पसंत पडली तरच जोडी जमते.

(कपडे वाळत घालायची दांडी. जोडी जवळून.)

चिमणी पंख थरथरवते. तो पाठीवर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. एकेक भेट जेमतेम सेकंदभराची. आता डावीकडे, तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर पाहा. हा दुसरा चिमणा, पलीकडच्या भिंतीतला. घरचा नर काडी आणायला गेला की हा जवळ सरकतो. पुढे दोघं पारिजातकाच्या फांद्यांत शिरली.

नराचं बीज मादीच्या शरीरात काही दिवस जिवंत राहतं. अंडं मात्र रोज एकच तयार होतं आणि कवच चढण्याआधी ज्याचं त्याचं फळतं. म्हणून एकाच घरट्यातल्या चार अंड्यांचे बाप दोन असू शकतात.

हे कळायला फार वेळ लागला. १९६८ साली पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी लिहिलं होतं की नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी एकपत्नी आहेत. जोडी दिसत होती, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. मग अमेरिकेत, पिकं खाणाऱ्या लाल खांद्याच्या काळ्या पक्ष्यांची संख्या रोखता येईल का हे पाहण्यासाठी नरांची नसबंदी केली गेली. तरी त्यांच्या हद्दीतल्या घरट्यांत अंडी फळली! पक्की खात्री पटवली ती डीएनएने. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएचे ठसे घ्यायची, म्हणजे कोण कुणाचं मूल हे पारखायची रीत शोधली, आणि १९८७ साली ती पक्ष्यांवर वापरली गेली तेव्हा पहिल्या काही पक्ष्यांत होती आपली चिमणी. पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींतही केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला गाभा, असतं, त्यामुळे रक्ताचा एक थेंब पुरतो. ठिकठिकाणच्या अभ्यासांत चिमण्यांच्या दहा पिल्लांतलं एखादं दुसऱ्या नराचं निघतं, कुठे त्याहून जास्त.

यात नराचा फायदा उघड आहे. मादीला काय मिळतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माणसांत अशा वेळी वापरतात ते शब्द मात्र चिमणीला लावू नयेत. घरटं याच दोघांचं आहे. अंडी दोघं आळीपाळीने उबवतात, आणि आता जे दिसणार आहे तेही दोघंच करतात.

(भोकाचं तोंड. पिल्लांच्या पिवळ्या कडांच्या चोची.)

हिरवी अळी. तो आत गेला. आता ती, चोचीत नाकतोडा. पुन्हा तो.

(काही क्षण निवेदन नाही.)

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत चिऊचं घर मेणाचं होतं. खरं घर हे असं आहे, चुन्याच्या भिंतीतलं, कापूस, दोरे आणि पिसं भरलेलं. काँक्रीटच्या सपाट भिंतीत त्याला जागाच नसते. शेजारचा वाडा पाडला, तिथल्या चिमण्या आता दिसत नाहीत.

या घरात दिवाळीआधी रंगारी आला होता. आजींनी खुर्ची चौकात ओढून घेतली आणि तो शिडीवरून उतरेपर्यंत हलल्या नाहीत. एकही भोक बुजवायचं नाही, असं त्याला दोनदा बजावलं.

(भिंत. ताजा पिवळा रंग. भोकाभोवती वीतभर जुना चुना तसाच.)