पाण्याची अट

(भुईकोट किल्ल्याची तटबंदी. श्रावणातली रिमझिम. कॅमेरा दगडाच्या अगदी जवळ.)

सोलापूरचा भुईकोट वैशाखात पाहिलात तर या तटावर हिरवं काहीच दिसत नाही. दगड तापलेले, सांध्यांत धूळ. चार सरी पडल्या की तीच भिंत अशी हिरवी होते. हे मॉस. उन्हाळाभर ते मेलेलं नव्हतं, वाळून थांबलं होतं.

शेजारच्या सिद्धेश्वर तलावातलं शेवाळ याहून साधं. त्याला मूळ, खोड, पान असं काही वेगळं नाही आणि अख्खं आयुष्य पाण्यातच जातं. मॉस जमिनीवर आलं, पण पाण्याची अट घेऊनच आलं. खरी मुळं नाहीत, धाग्यांसारखे मुळाभ आहेत. पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्या नाहीत, म्हणून उंचीही बेताचीच. आणि फलन व्हायचं तर नर युग्मकाने, म्हणजे नर पेशीने, दोन शेपट्या हलवत मादीपर्यंत पोहत जायचं. भिंतीवर पाण्याचा थर टिकेल तेवढीच त्याला संधी.

(क्लोज-अप: तांबूस दांडी, टोकाला बोंडी.)

ही दांडी नीट पाहा. ती फलनानंतरची पुढची पिढी आहे, आईच्या शेंड्यावर उभी आणि तिच्याच अन्नावर वाढलेली. बोंडीचं झाकण गळून पडलं की आत दात दिसतात. फ्युनेरिया या मॉसमध्ये दातांच्या दोन रांगा असतात, एकेका रांगेत १६ दात. हवा दमट असली की बाहेरचे दात आत वळतात, कोरडी झाली की बाहेर उलटतात आणि बीजाणू, म्हणजे नवं रोप रुजवणारे बारीक कण, थोडे थोडे वाऱ्यावर सोडतात. ना स्नायू, ना मज्जातंतू. ओलीने फुगणाऱ्या आणि कोरडेपणाने आकसणाऱ्या पेशींच्या भित्तिकांवर हे सगळं चालतं. किल्ल्यात फिरायला येणाऱ्यांनी एकदा तरी भिंग घेऊन इथे थांबावं.

(जुनी बारव. पायऱ्या, ओले दगड, काळ्या चकचकीत देठांची पानं.)

बारवेत हंसराज आहे. नेच्यांपैकी, म्हणजे फर्नपैकी, एक. याच्यात वाहिन्या आल्या, खरी मुळं आली, आणि पिढ्यांची अदलाबदल झाली. मॉसमध्ये आपल्याला दिसतं ते युग्मक तयार करणारं रोप. इथे दिसतं ते बीजाणू तयार करणारं. पान उलटं केलं की दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंच्या थैल्या सापडतात. बीजाणू ओल्या दगडावर रुजतो तेव्हा मात्र नेचा उगवत नाही. उगवते नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराची एक हिरवी चकती. नर युग्मकाचं पोहणं तिच्यावर होतं, आणि त्यानंतर कुठे नवा नेचा. बारवेचा गाळ जरूर काढावा, पण दगडांच्या सांध्यांवर सिमेंट फिरवलं की या चकतीला जागाच उरत नाही.

(बंगल्याच्या फाटकाशी सायकस.)

सायकसला बीज आहे, पण ते उघडं, फळ नाही. परागकण बाहेरून बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बीज होतं त्या भागापर्यंत, कोरडे पोहोचतात. तरी शेवटच्या टप्प्यात यातले नर युग्मक पोहतातच, बीजांडाच्या आत झाडानेच तयार केलेल्या थेंबभर द्रवात. जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी १८९६ साली ते याच जातीच्या सायकसमध्ये पाहिले.

(पहाट. शाळूचं रान. कणसाच्या शेंड्याला पिवळे परागकोश.)

ज्वारीला आता पोहणं नाही. कणीस वरून खाली फुलत येतं. पराग फुलाच्या पिसासारख्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पडतो, नळी काढतो आणि दोन नर युग्मक थेट बीजांडात नेऊन सोडतो. एकापासून अंकुर होतो. दुसरा मधल्या दोन केंद्रकांशी मिळतो आणि अंकुराची शिदोरी तयार होते, तिला भ्रूणपोष म्हणतात. हे दुहेरी फलन नवाशिन यांनी १८९८ साली लिलीत शोधलं. आपल्या भाकरीचं पीठ बहुतांशी ही शिदोरीच आहे, आणि हुरड्यात आपण ती कोवळी खातो. पाऊस संपल्यावर काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर शाळू हे सगळं उरकतो.

(डाळिंबाची बाग. लाल फुलं.)

ज्वारी एकबीजपत्री, पानांच्या शिरा समांतर. डाळिंब द्विबीजपत्री, शिरांचं जाळं. बागायतदार फूल दुरूनच ओळखतात. सुरईसारखं फुगीर असेल ते धरतं. घंटेसारखं असेल ते नर, गळून जातं. सोलापूरजवळ केगावला २००५पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बहर धरायचा तर बागेला ताण देतात, पाणी तोडतात, पानं गळू देतात, मग पाणी सोडतात आणि बाग फुलते. पिकलेलं फळ फोडल्यावर आपण खातो तो लाल रसाळ भाग म्हणजे बीजाचं बाहेरचं आवरण.